'अनुमोदन' कुठे लिहावं, कुठे टाळावं: सभेत आणि कार्यालयात नव्याने आलेल्यांसाठी

सोसायटीच्या कमिटीवर नुकतेच निवडून आलेले सचिव, शाळेच्या कार्यालयात रुजू झालेला कनिष्ठ लिपिक, हिंदी परिपत्रकं मराठीत आणणारा नवा अनुवादक, या सगळ्यांची गाठ एका शब्दाशी हमखास पडते: अनुमोदन. शब्द भारदस्त आहे, ढोबळ अर्थ सगळ्यांना कळतो, त्यामुळे होकाराच्या कुठल्याही जागी तो चालेल असं वाटतं. तो तसा चालत नाही. इतिवृत्तात 'मंजूर' हवं तिथे 'अनुमोदन' पडलं, तर ठराव पार पडला की नुसता मांडला गेला हे वाचणाऱ्याला कळत नाही. पुढे वाद निघाला की दोन्ही बाजू तोच कागद पुढे करतात, आणि लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं याला तेव्हा काही किंमत उरत नाही.

म्हणून हा शब्द आणि त्याची भावंडं एकदा नीट ओळखून घेऊ. पुढच्या पायऱ्या क्रमाने वाचाव्यात, कारण पहिली समजली की बाकीच्यांतलं बरंच आपोआप सुटतं.

पायरी १: शब्दाची घडण पाहा

'अनु' म्हणजे मागून, पाठोपाठ. 'मोदन' हे 'मुद्' धातूपासून आलं आहे. मोद, प्रमोद, आमोद हे शब्द त्याच घरचे. दुसऱ्याने काही मांडलं किंवा केलं, आणि त्याच्या पाठोपाठ आपणही त्यात आनंदाने सामील झालो, तर ते अनुमोदन. म्हणजे या शब्दाला दोन माणसं लागतात. एक पुढे झालेला, दुसरा त्याच्या मागे उभा राहिलेला. वरच्या खुर्चीतून खाली दिलेला होकार या शब्दात मुळात नाही.

मागे उभा राहतो म्हणून त्याची जबाबदारी कमी होते, असं मात्र नाही. पातंजल योगसूत्रांच्या दुसऱ्या पादातल्या ३४व्या सूत्रात हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याने केली तेव्हा आपण जिला बरं म्हटलं ती. तिघींचं फळ दुःखच. जैन परंपरेतही करणं, करवणं आणि अनुमोदन करणं ही त्रयी व्रतांच्या विचारात सतत येते; चांगल्या कामाचं अनुमोदन केलं तर त्याचं पुण्यही लागतं असं तिथे मानतात. या शब्दात असा भार जुनाच आहे. सभेत हात वर करून 'माझं अनुमोदन' म्हणणाऱ्याचं नाव कागदावर का नोंदवतात, त्याचं कारण इथे सापडतं.

पायरी २: सभेतला क्रम पाठ करा

मराठीत 'अनुमोदन' हा शब्द सर्वांत पक्का बसला आहे तो सभेत. तिथे त्याचं काम ठरलेलं आहे. एक सभासद ठराव मांडतो, तो सूचक. दुसरा त्याला पाठिंबा देतो, तो अनुमोदक. मग चर्चा होते, गरज पडली तर मतदान होतं, आणि शेवटी ठराव मंजूर किंवा नामंजूर होतो. अनुमोदन ही या साखळीतली दुसरी कडी आहे, शेवटची नाही. एवढं लक्षात राहिलं तरी नवख्या सचिवाच्या निम्म्या चुका टळतात.

इतिवृत्तातली नोंद साधारण अशी असते:

ठराव क्र. ४ : इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीची दुरुस्ती करण्यात यावी व त्यासाठी आलेल्या तीन दरपत्रकांपैकी सर्वांत कमी दराचे दरपत्रक स्वीकारण्यात यावे.
सूचक : श्री. ______
अनुमोदक : श्रीमती ______
ठराव सर्वानुमते मंजूर.

ही नोंद ओळीओळीने पाहू. 'करण्यात यावी', 'स्वीकारण्यात यावे' ही ठरावाची भाषा. यात काय करायचं ते आहे, अजून ते ठरलेलं नाही. सूचक आणि अनुमोदक ही दोन वेगळी माणसं हवीत, आणि दोघंही त्या सभेला हजर असलेले सभासद हवेत. नोंदवहीतल्या हजेरीच्या सह्यांत अनुमोदकाचं नाव नसेल तर ठरावाला पहिला आक्षेप तिथूनच येतो. शेवटची ओळ निर्णयाची. ही ओळ विसरणारे पुष्कळ असतात. सूचक-अनुमोदक लिहिले की काम झालं असं त्यांना वाटतं. ती ओळ नसेल तर सभेने काय ठरवलं हे त्या कागदावर कुठेच नाही.

त्याच ओळीतला 'सर्वानुमते' हाही जपून लिहायचा शब्द आहे. कुणाचाही विरोध नव्हता तर सर्वानुमते किंवा एकमताने. एकानेही विरोध नोंदवला असेल तर 'बहुमताने', आणि बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती हे आकडे. विरोध करणाऱ्याने आपलं नाव नोंदवायला सांगितलं तर तेही.

मागच्या सभेच्या इतिवृत्ताची गोष्ट निराळी. विषयपत्रिकेत पहिला विषय बहुधा तोच असतो, आणि त्याचा खास मराठी वाक्प्रयोग आहे: 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. इतिवृत्त मंजूर करतात असं लिहिलं तरी अर्थ कळतो, पण 'कायम करणे' यात नेमकेपणा आहे. जे घडलं ते बरोबर लिहिलं आहे, आता यात बदल नाही, एवढंच सभा म्हणते. त्या सभेतले निर्णय पुन्हा मंजूर होत नसतात. नव्या सभासदांना हा फरक सांगून ठेवावा. मागच्या वर्षी झालेल्या ठरावावर या वर्षी इतिवृत्त कायम करताना पुन्हा भांडण उकरून काढायला जागा राहत नाही.

अनुमोदकाची गरज नियमाने ठरते, सवयीने नाही. याची ठळक उदाहरणं आपल्या निवडणुकांत आहेत. राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारी अर्जावर ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, उपराष्ट्रपतिपदासाठी २० आणि २०. विधानसभेच्या किंवा लोकसभेच्या उमेदवारी अर्जाला मात्र फक्त सूचक लागतात: मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक, इतरांना दहा. तिथे अनुमोदक हा रकानाच नाही. तेव्हा आपल्या संस्थेच्या उपविधीत किंवा घटनेत काय लिहिलं आहे ते आधी वाचावं, मग छापील नमुना तयार करावा.

पायरी ३: हिंदीतून येणारं 'अनुमोदन' ओळखा

गोंधळाचं खरं मूळ इथे आहे. हिंदीच्या कार्यालयीन व्यवहारात 'अनुमोदन' हा वरिष्ठाच्या होकाराचा रोजचा शब्द आहे. बँका, रेल्वे, केंद्र सरकारची कार्यालयं इथून येणाऱ्या कागदांवर 'अनुमोदन हेतु प्रस्तुत', 'सक्षम प्राधिकारी के अनुमोदन से', 'अनुमोदित' हे सारखं दिसतं. लिपी एकच, शब्दही ओळखीचा, म्हणून तो तसाच मराठी मसुद्यात उचलला जातो. हिंदीत तो बरोबरच आहे. मराठीत त्या जागी आपले शब्द आधीपासून रुळलेले आहेत.

'अनुमोदन हेतु प्रस्तुत' याचं मराठी 'मान्यतेस्तव सादर' किंवा 'मान्यतेसाठी सादर'. 'सक्षम प्राधिकारी के अनुमोदन से' म्हणजे 'सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने'. नुसत्या 'अनुमोदित' शेऱ्याच्या जागी मराठी अधिकारी 'मान्य' एवढंच लिहितात, आणि तेवढं पुरतं. मसुद्याच्या बाबतीत 'प्रारूप मान्य', प्रस्तावाच्या बाबतीत 'प्रस्ताव मान्य'.

'अनुमोदित यादी', 'अनुमोदित आराखडा' असे काही जोड मराठी कागदांतही दिसतात. ते मुळातच चूक आहेत असं मी म्हणणार नाही. संस्कृत दोन्ही भाषांची आहे. पण 'मंजूर आराखडा' म्हटलं की नगरपालिकेच्या खिडकीपासून गवंड्यापर्यंत सगळ्यांना कळतं, आणि कळणारा शब्द हाताशी असताना दुसरा शोधू नये, असं माझं ठाम मत आहे.

पायरी ४: तीन प्रश्न विचारून शब्द निवडा

होकार कोण देतो आहे? कशाला देतो आहे? आणि तो दिल्यावर काय सुरू होतं? या तीन प्रश्नांची उत्तरं कागदाच्या कोपऱ्यात लिहून पाहा, शब्द बहुतेक वेळा समोर येतो.

सर्वांत जास्त वापर होतो तो 'मान्यता' आणि 'मंजुरी' यांचा, आणि यांच्यात घोटाळाही सर्वांत जास्त. मान्यता ही विचाराला, प्रस्तावाला, धोरणाला, संस्थेला. मंत्रिमंडळ एखाद्या योजनेला मान्यता देतं, शासन शाळेला मान्यता देतं, निवडणूक आयोग पक्षाला मान्यता देतो. मंजुरी ही मोजता येणाऱ्या किंवा हातात पडणाऱ्या गोष्टीला: रजा, कर्ज, अनुदान, नकाशा, बिल, पद, जामीन. रजा मंजूर होते, तिला मान्यता मिळाली असं कुणी म्हणत नाही. 'मंजूर' हा शब्द अरबीतून आला, आणि 'नजर' हा त्याचा सख्खा भाऊ. नजरेखालून गेलेलं ते मंजूर. कागद कुणीतरी तपासला आहे, आकडे पाहिले आहेत, मग होकार दिला आहे, ही त्यातली छटा आजही शाबूत आहे.

सार्वजनिक बांधकामाच्या कागदांत हे सगळं एका ओळीत पाहायला मिळतं. रस्ता किंवा पूल करायचा तर आधी प्रशासकीय मान्यता लागते: हे काम करायचं, आणि एवढ्या रकमेपर्यंत करायचं, हे त्या विभागाने कबूल केलं. मग तांत्रिक मान्यता: सक्षम अभियंत्याने अंदाजपत्रक आणि आराखडा तपासून तो तांत्रिकदृष्ट्या ठीक असल्याचं म्हटलं. मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. खर्च मूळ रकमेच्या पुढे गेला की सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते. पाटबंधारे आणि बांधकाम खात्यात तिला सगळे 'सुप्रमा' म्हणतात. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात हा शब्द ऐकू येतो आणि तो कुठल्याही कोशात सापडत नाही, म्हणून इथे सांगून ठेवलं. प्रशासकीय मान्यता मिळाली म्हणजे उद्यापासून खोदकाम सुरू, असा अर्थ बातम्यांत पुष्कळदा घेतला जातो. तो चूक आहे. पहिला टप्पा पार पडला, एवढाच त्याचा अर्थ.

शासन निर्णयाच्या शेवटी आणखी एक शब्द भेटतो: 'सदर शासन निर्णय वित्त विभागाच्या सहमतीने निर्गमित करण्यात येत आहे'. सहमती ही बरोबरीच्याची. वित्त विभाग या विभागाचा वरिष्ठ नाही, पण पैशाचा प्रश्न असल्यामुळे त्याचं मत जुळावं लागतं. इथे 'मान्यतेने' लिहिलं तर नातंच बदलतं.

संमती ही त्या माणसाची, ज्याच्यावर परिणाम होणार आहे. शस्त्रक्रियेआधी रुग्णाची, लग्नात वधूवरांची, जमीन घेताना जमीनमालकाची. २०१३च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असेल तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची आणि सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्क्यांची पूर्वसंमती लागते. तिथे 'मान्यता' हा शब्द बसवून पाहा: जणू शेतकरी प्रस्ताव तपासणारा अधिकारी आहे. 'परवानगी' बसवली तर कंपनीने काहीतरी छोटं मागितल्यासारखं होतं. ज्याचं आहे त्याने स्वतःच्या इच्छेने 'हो' म्हणणं, हे फक्त 'संमती'त येतं. हा शब्द पातळ होऊ देऊ नये. त्याच्या आधाराने लोकांचे हक्क उभे आहेत. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यापासून, ज्याने मुलींसाठी ते वय १० वरून १२ वर नेलं, या शब्दाभोवती महाराष्ट्रात केवढी रणं झाली ते आठवावं.

संमतीचाच धागा धरून 'संमत' मात्र वेगळ्या वाटेने गेला आहे. विधिमंडळात विधेयक संमत होतं. त्यावर राज्यपालांची अनुमती लागते; संविधानातल्या २००व्या अनुच्छेदात हा भाग आहे, आणि संसदेच्या विधेयकांवर राष्ट्रपतींच्या अनुमतीचा भाग १११व्यात. वर्तमानपत्रं तिथे 'मंजुरी', 'स्वाक्षरी', 'शिक्कामोर्तब' काहीही लिहितात. कायद्याच्या मसुद्यात 'अनुमती'च ठेवावी.

उरलेले थोडक्यात. परवानगी ही माणसाला काही करू देण्याची: मिरवणुकीची, ध्वनिक्षेपकाची, बांधकामाची. अनुज्ञप्ती म्हणजे परवाना, कागदावर मिळणारा, मुदत असलेला. 'ना हरकत' म्हणजे आमचा विरोध नाही एवढंच; त्याला कधीही परवानगी समजू नये. अनुसमर्थन हे आंतरराष्ट्रीय करारांचं: सही आधी होते, देश त्या कराराने स्वतःला बांधून घेतो तो नंतर. 'अनुमोदन' आणि 'अनुसमर्थन' दिसायला जवळचे असल्यामुळे अनुवादात अदलाबदल होते, तेवढी नजर असू द्या.

पायरी ५: व्याकरण आणि लेखन तपासा

अनुमोदन नपुंसकलिंगी आहे: अनुमोदन दिले, अनुमोदन मिळाले. बाकीची भावंडं, म्हणजे मान्यता, मंजुरी, संमती, अनुमती, सहमती, परवानगी, सगळी स्त्रीलिंगी. एका मसुद्यात शब्द बदलला की क्रियापद बदलायचं राहून जातं आणि 'मान्यता देण्यात आले' असं वाक्य सहीला जातं. शब्द बदलला की पुढचं क्रियापद पुन्हा वाचा.

अनुमोदन कशाला द्यायचं ते चतुर्थीत येतं: ठरावास अनुमोदन, सूचनेला अनुमोदन. 'ठरावाचे अनुमोदन केले' ही हिंदीची रचना. 'अणुमोदन' लिहू नये. अणू वेगळा, अनु वेगळा. स्त्री असो वा पुरुष, 'अनुमोदक' हेच पद चालतं.

'मंजूर' यात जू दीर्घ, 'मंजुरी' यात जु ऱ्हस्व. गरीब-गरिबी, वकील-वकिली हीच चाल: शेवटचं अक्षर दीर्घ झालं की त्याच्या आधीचं ऱ्हस्व होतं. हिंदीत 'मंजूरी' असते, तिकडून ती इकडे येते, म्हणून जास्त सांभाळावं. 'संमती' सुटी लिहिताना ती दीर्घ, पण समासात पहिली आली की ऱ्हस्व: संमतिपत्र, अनुमतिपत्र. 'मंजुरीपत्र' मात्र दीर्घच, कारण मंजुरी हा संस्कृतातून आलेला शब्द नाही. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली १४ नियम केले आणि १९७२ साली त्यांत चार जोडले. ही सगळी उत्तरं त्या अठरा नियमांत आहेत. अठरा म्हणजे काही फार नाहीत, एका बैठकीत वाचून होतात.

कार्यालयात बसणाऱ्यांनी भाषा संचालनालयाचे 'शासन व्यवहार कोश' आणि 'प्रशासन वाक्प्रयोग' हाताशी ठेवावेत. हे संचालनालय १९६० सालापासून हेच काम करत आलं आहे, आणि शंका आली की शेजारच्या टेबलावरचा जुना कागद पाहण्यापेक्षा कोश उघडलेला बरा. जुन्या कागदात चूक असेल तर ती पुढच्या वीस फायलींत उतरते.

पायरी ६: होकाराला अट किंवा तारीख असेल तर ती शब्दातच आणा

'मान्यता देण्यात येत आहे' हे शासन निर्णयातलं ठरलेलं वाक्य. त्यात देणारा दिसत नाही. शासन निर्णयात ते चालतं, कारण खाली 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असतं. आपल्या संस्थेच्या पत्रात असं खाली काही नसतं, तेव्हा 'कार्यकारी समितीने दिनांक अमुकच्या सभेत ठराव क्र. अमुक अन्वये मान्यता दिली आहे' असं पूर्ण लिहावं. कोणी, कधी, कुठल्या ठरावाने. या तीन गोष्टी आल्या की पत्र पुढच्या टेबलावर अडत नाही.

कल्पना पटली पण तपशील अजून यायचे आहेत, तेव्हा 'तत्त्वतः मान्यता'. तिच्या जोरावर खर्च करू नये. काही अटी पाळल्या तरच होकार असेल तेव्हा 'खालील अटींच्या अधीन राहून', आणि अटी लगेच खाली, क्रमांक घालून. काम करण्याआधी घ्यायची ती 'पूर्वमान्यता' किंवा 'पूर्वपरवानगी'.

काम आधी झालं आणि होकार मागून घ्यावा लागला, तर ती 'कार्योत्तर मान्यता'. पावसाळ्यात भिंत कोसळली, रात्रीत टेकू लावावे लागले, सभा बोलवायला वेळ नव्हता: असा प्रसंग कुठल्याही संस्थेत येतो. अशा वेळी मागची तारीख टाकून ठराव लिहिण्याचा मोह होतो, आणि तसा सल्ला देणारेही भेटतात. तसं करू नये. खर्च ज्या दिवशी झाला ती तारीख, सभा ज्या दिवशी झाली ती तारीख, दोन्ही जशाच्या तशा लिहाव्यात, आणि ठरावात स्पष्ट म्हणावं: 'तातडीच्या परिस्थितीत दिनांक ______ रोजी करण्यात आलेल्या रु. ______ इतक्या खर्चास ही सभा कार्योत्तर मान्यता देत आहे.' त्याखाली सूचक, अनुमोदक आणि निर्णयाची ओळ.